शिनच्यांगची ६०० कोटींची नोट: आकडा खरा आहे का?

नोटवही: चीनच्या वायव्येकडच्या शिनच्यांग प्रांताच्या बँकेची १९४९ ची नोट पाहिली. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांचं चित्र आणि चिनी अक्षरांत ६० 'यी' युआन. म्हणजे नक्की किती? आणि देशाचं चलन असताना प्रांताने वेगळ्या नोटा का काढल्या?

टांकसाळ: एक यी म्हणजे दहा कोटी, म्हणून ६०० कोटी बरोबर. मी कितीतरी वर्षं याच प्रांताच्या नोटा जमवतोय, तरी ही हातात घेतली की आजही गलबलतं. तिच्यावरच छापलंय की ही नोट १० हजार सुवर्ण युआनच्या (देशाच्या तेव्हाच्या नव्या चलनाच्या) बरोबरीची. हिशेब करून बघा. शिनच्यांगचा एक युआन म्हणजे देशाच्या जुन्या चलनाचे पाच. ऑगस्ट १९४८ मध्ये त्या चलनाचे ३० लाख देऊन एक सुवर्ण युआन मिळायचा. म्हणजे शिनच्यांगचे ६ लाख, आणि ६०० कोटींचे झाले १० हजार सुवर्ण युआन. त्यातून १९४९ च्या मे महिन्यापर्यंत सुवर्ण युआनच मातीमोल झालेला!

वेगळ्या नोटांचं मूळ चांदीत आहे. छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात हा प्रांत स्वतःच्या महसुलावर चालतच नव्हता, बाकीच्या प्रांतांकडून दरसाल चांदी यायची. १९११ च्या क्रांतीनंतर ती थांबली. तिथले तेव्हाचे सत्ताधारी यांग त्संगशिन (१९१२ ते १९२८) यांनी तूट छापखान्यातून भरली. प्रांतातल्याच इली आणि काशगर या भागांच्या नोटा तर आणखी निराळ्या. पुढे त्यांच्यानंतरचे सत्ताधारी चिन शूरन यांच्या काळात सैन्याचा खर्च वाढला, तशी छपाईही बेसुमार झाली.

नोटवही: मग हे कुणी सावरायचा प्रयत्नच केला नाही?

टांकसाळ: केला ना, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं तेच सर्वांत मोलाचं पान. माओ त्सेतुंग यांचे धाकटे भाऊ माओ त्समिन तिथलं अर्थखातं पाहत होते. १९३९ मध्ये जुन्या ४००० ल्यांगना (ल्यांग हे तिथलं जुनं चलन) एक नवा युआन दिला आणि काही वर्षं घडी बसली. पण सत्ताधारी शंग शित्साय फिरले. त्यांनी माओ त्समिन यांना कैद केलं आणि १९४३ मध्ये ठार मारलं.

शाईचा डाग: या नोटांवर चिनीसोबत अरबी लिपीतला उइगुर मजकूरही असतो, तो जरूर पाहा. बाजारात चिनी वाचता न येणाऱ्यांचीच गर्दी जास्त, त्यांना रक्कम कळायला नको का? १९५१ मध्ये प्रांताच्या नोटा जाऊन रनमिन्बी हे चीनचं आजचं चलन आलं, तेव्हा शिनच्यांगसाठी उइगुर मजकुराच्या खास नोटा काढल्या होत्या. आजच्या चिनी नोटेच्या मागच्या बाजूलाही ती लिपी आहे.