'पुट ऑफ' म्हणजे नेहमी पुढे ढकलणंच का? मेलचा अर्थ चुकीचा लावला, मदत हवी

नाशिककर८८:
नमस्कार मंडळी, माझं शिक्षण मराठी मीडियममध्ये झालं, आता चार वर्षं द्राक्ष एक्सपोर्टच्या एका ऑफिसात आहे, बाहेरच्या पार्टीचे मेल मीच बघतो. गेल्या आठवड्यात तिकडच्या मॅडमचा मेल आला, त्यात 'आय वॉज अ बिट पुट ऑफ बाय युअर लास्ट मेल' असं वाक्य होतं. शाळेत पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे एवढंच पाठ केलेलं, त्यामुळे मला वाटलं आमच्या मेलमुळे त्यांनी कंटेनरची तारीख पुढे ढकलली, म्हणून मी लगेच नवी तारीख विचारली. दोन दिवस उत्तरच नाही. मग साहेबांनी मेल वाचला आणि म्हणाले, अरे त्या नाराज झाल्यात आणि तू तारीख काय विचारतोस. फार लागलं मनाला. डिक्शनरी उघडली तर पाच-सहा अर्थ, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कुठला अर्थ कुठे हे ओळखायचं कसं?

सातारचे_मास्तर:
मेळ आहे, जरा 'ऑफ'कडे बघा. ऑफ म्हणजे लांब, बाजूला. काम बाजूला सारलं की ते पुढे ढकललं जातं. माणसाचं मन बाजूला सारलं की मन उडतं. लक्ष बाजूला गेलं की चित्त विचलित होतं, म्हणजे सुईत दोरा ओवताना कोणी शेजारी बडबडायला लागलं की 'डोन्ट पुट मी ऑफ' म्हणतात. मी मुलांना एकच खूण सांगतो, ढकललं काय जातंय ते बघा, काम की माणूस? 'द मीटिंग वॉज पुट ऑफ', इथे मीटिंग ढकलली गेली. 'आय वॉज पुट ऑफ बाय द मीटिंग', इथे मीटिंग ठरल्या वेळेला झालीय, बोलणाऱ्याचं मन उडालंय. तुमच्या मेलमध्ये सुरुवातच 'आय'ने आहे ना, तिथेच कळायला हवं होतं, पण शाळेत एका शब्दाला एकच अर्थ लिहून देतात त्याला तुम्ही काय करणार. मुळात त्या आधीच्या मेलमध्ये होतं काय?

नाशिककर८८:
'रिप्लाय बाय टुडे विदाउट फेल' असं लिहिलं होतं सर. आमच्याकडे सगळेच असं लिहितात, त्यात कोणाला काही वाटत नाही.

मँचेस्टरवासी:
त्यानेच झालं असणार. मी इथे अकरा वर्षं आहे, इकडे हे वाक्य हुकूम सोडल्यासारखं वाटतं. आणि 'अ बिट' वाचून थोडंसंच असं समजू नका, इथली माणसं बऱ्यापैकी दुखावली तरी अ बिटच म्हणतात. तारीख विचारली ते सोडून द्या, आधी टोनबद्दल सॉरी लिहा.
यावरूनच विशेषण आहे ऑफ-पुटिंग, मन मागे घेणारं अशा अर्थाचं, वास, वागणं, दुकानदाराचा आवाज, कशालाही लावतात. खाण्याबद्दल तर रोज ऐकू येतं, एकदा आंबूस श्रीखंड पोटात गेलं आणि नंतर ते नकोसंच झालं तर 'इट पुट मी ऑफ श्रीखंड'. आपण श्रीखंडावरून मन उडालं म्हणतो तसंच, 'वरून'च्या जागी ऑफ. अजून एक, आपल्याकडे 'पुट ऑफ द लाइट' सर्रास म्हणतात, ते चूक नाही, पण इथे बहुतेक स्विच ऑफ नाहीतर टर्न ऑफ ऐकू येतं.

शब्दवेडी:
मास्तर, खूण छान आहे पण एक अपवाद जोडते. पाहुणे येणार होते आणि घरात कोणी आजारी पडलं तर 'वी हॅड टू पुट देम ऑफ' म्हणतात. इथे कर्म माणूसच आहे, पण मन कोणाचंच उडालेलं नाही, आज येऊ नका असं कळवलंय. आणि उधारी मागायला आलेल्याला कारणं सांगून परत पाठवलं तर तेही पुट ऑफच, आपलं टोलवणं. म्हणजे माणूस असला तरी पुढचं-मागचं वाक्य वाचावंच लागतं.

सातारचे_मास्तर:
अगदी बरोबर, हे मी सांगायला हवं होतं. व्याकरणाचंही सांगतो, इथे मुलं हमखास चुकतात. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतं, पण 'इट' आलं की ते मधेच बसतं, 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' कधीच नाही. आणि पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावायचं, 'आय पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट', तिथे 'टु गो' लिहू नका.

नाशिककर८८:
सर्वांचे मनापासून आभार, सॉरीचा मेल आजच टाकतो. शेवटचं एक, कॉल ऑफ आणि पुट ऑफ एकच का? आमच्याकडे दोन्ही वापरतात.

शब्दवेडी:
नाही हो, एक नाही. 2020 चं आठवा. टोकियो ऑलिंपिक पुट ऑफ झालं, 2021 च्या जुलैमध्ये भरलं. विम्बल्डन कॉल ऑफ झालं, त्या वर्षी ते झालंच नाही. तुम्ही कंटेनर कॉल ऑफ लिहिलंत तर समोरचा ऑर्डरच रद्द समजेल, तेवढं जपा.