नवरात्राचे नऊ उपास आणि वाटीभर पोट: वजनाच्या बायपास-स्लीव्ह ऑपरेशननंतर उपास धरावा का?

कृष्णाकाठची

घट बसायला आठवडा राहिलाय आणि आमच्या विश्रामबागेतल्या घरात एकच विषय, मी यंदा उपास धरणार की नाही. माझं गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करायला जठर छोटं करायचं ऑपरेशन, होऊन दीड वर्ष झालं. गेल्या नवरात्रात डॉक्टरांनीच नाही म्हटलं, म्हणून कुणी बोललं नाही. यंदा वजन उतरलंय, रिपोर्ट चांगले आलेत, त्यामुळे सासूबाईंचं सुरू झालंय, “लग्नापासून धरलेला उपास मधेच सोडू नये बाई.”

माझं मत सरळ आहे. साबुदाणा, रताळं, बटाटा, खजूर यांवर काढलेले नऊ दिवस आमच्यासारख्यांसाठी नाहीत. बायपासमध्ये जठराचा जो कप्पा ठेवतात तो सुरुवातीला ३० मिलिलिटरच्या आसपास असतो. पुढे थोडा सैलावतो, पण आजही एका वेळी वाटीभर खाल्लं की माझं भागतं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं जायला हवीत असं सांगितलंय. आता त्याच वाटीत खिचडी भरली तर पोट फुल आणि प्रथिनांच्या नावानं शून्य. १०० ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. वर राजगिऱ्याचा गुळाचा लाडू. गेल्या श्रावणात शेजारी हळदीकुंकवाला गेले होते, आग्रहाखातर अर्धा लाडू खाल्ला. छोट्या जठरातून गोड झपाट्यानं आतड्यात उतरलं आणि दहा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड. वाण हातात घेऊन त्यांच्याच दिवाणावर आडवी झाले. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली.

बोला, तुमच्याकडे काय करता?

हळदबाजार

ताई, राग मानू नका, पण हे जरा अति होतंय. आपल्या आज्या-पणज्यांनी नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढलेत. आता तर शिकलेली माणसं सोळा-सोळा तास उपाशी राहून त्याचे फोटो टाकतात. ज्याच्या अंगावर चरबी आहे त्याला चार दिवस कमी खाल्ल्यानं काय होणार? ऑपरेशन वजन कमी करायलाच केलं होतं ना? मग उपास त्याच्या आड कसा येतो?

मिरजेचा तानपुरा

हळदबाजार, तुमचा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो. मिरजेत आहारसल्ल्याचंच काम करतो.

चरबी ही ऊर्जेची साठवण. प्रथिनांची तशी वेगळी कोठी शरीरात नाही. वरून प्रथिनं आली नाहीत की शरीर स्नायूंना हात घालतं. काट्यावर वजन उतरलेलं दिसतं, माणूस खूश होतो, आणि जिना चढताना मांड्या थरथरतात. धडधाकट माणूस दुसऱ्या दिवशी ताटभर जेवून भरपाई करतो. यांना ती सोय नाही, कारण ताटभर मावतच नाही. आज्या-पणज्यांचं जठर अख्खं होतं हो!

दुसरं, थायमिन म्हणजे बी-१. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ऑपरेशननंतरच्या महिन्यांत उलट्या होत असतील आणि त्यात उपास धरला, तर पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. असं काही दिसलं तर घट उठायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मधुमेह असून गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस ठरवल्याशिवाय उपास म्हणजे साखर खाली जाण्याला आमंत्रण. निर्जळा तर कुणीच नको. यांना पाणी घोटघोटच प्यावं लागतं, सकाळी राहिलेलं संध्याकाळी एकदम भरून निघत नाही.

तासगावचा बेदाणा

तानपुरेदादांचं सगळं मान्य, पण सरसकट ‘धरूच नये’ हे काही पटत नाही. माझं स्लीव्ह झालंय, म्हणजे जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकलाय, आणि मी उपास करतो. पहिलं वर्ष सोडलं. आता फक्त उठता-बसता धरतो, घट बसतात तो दिवस आणि उठायच्या आदला. दोन दिवसांनी जग बुडत नाही.

उपास म्हणजे साबुदाणा हे कुणी ठरवलं? माझा दिवस असा: म्हशीचं दूध दीडशे मिलि दोन वेळा, त्यातून दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं. साखर न घातलेला चक्का शंभर ग्रॅम, नऊ-दहा ग्रॅम. पनीर पाऊणशे ग्रॅम, दोन हप्त्यांत, साधारण तेरा. मूठभर शेंगदाणे, तीस ग्रॅम, त्यातून सात-आठ. राजगिऱ्याच्या पिठाची छोटी भाकरी, चार. झाले की पंचेचाळीसच्या आसपास. उरलेले व्हे प्रथिनांच्या पावडरच्या एका चमच्यातून. व्हे म्हणजे शेवटी काय, दूध नासवून पनीर काढल्यावर उरतं ते पाणी, त्याचीच पावडर. उपासाला दूध चालतं तर ती का चालू नये?

हळदबाजार

दूध, चक्का, पनीर, शेंगदाणे, भाकरी आणि वर डब्यातली पावडर! एकादशी अन् दुप्पट खाशी. याला उपास म्हणायचं असेल तर मी रोजच उपाशी.

तासगावचा बेदाणा

दादा, सगळं एका ताटात ठेवा आणि बघा, तुमच्या सकाळच्या पोह्यांएवढंही भरणार नाही.

आटपाडीचं डाळिंब

बेदाणा, तुमचं गणित छान, पण ते सगळं दुधावर उभंय. माझं बायपास झाल्यापासून ग्लासभर दूध प्यायलं की पोट नगाऱ्यासारखं फुगतं. दही-ताक चालतं. असं झालेले माझ्या ओळखीतच तिघं आहेत. शेंगदाण्यावर भर द्यावा तर शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, टीव्हीसमोर मूठ-मूठ करत वजन परत यायला सुरुवात. तळलेले बटाट्याचे काप तसेच, बिनबोभाट घसरतात. पोट लहान झालं म्हणून जीभ लहान होत नाही. त्यामुळे मी कृष्णाकाठच्या ताईंच्या बाजूनं.

आणखी एक. उपासाच्या दिवशी आपल्याकडे खाणं कमी आणि चहा जास्त. लोहाची गोळी चहासोबत घेणारे मी पाहिलेत. काय उपयोग?

कृष्णाकाठची

हो हो, गोळ्यांचं राहिलंच. आमच्याकडे प्रश्न आला होता, गोळीनं उपास मोडतो का! मी म्हटलं, मोडला तर मोडू दे. बायपासमध्ये लहान आतड्याचा पहिला भाग वगळतात. लोह मुख्यतः तिथंच शोषलं जातं, कॅल्शियमचंही बरंचसं काम तिथलंच, आणि बी-१२ला जठरातून जी मदत मिळते ती तुटलेली. म्हणून त्या गोळ्या जन्मभराच्या. नऊ दिवसांची सुट्टी त्यांना नाही.

बेदाणादादा, तुमचे दोन दिवस मी समजू शकते. पण घरात एकदा ‘दोन चालतात’ म्हटलं की नऊ कधी होतात कळत नाही. सुनेला विचारून पाहा.

मिरजेचा तानपुरा

गोळ्यांबद्दल नेमकं सांगतो: लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास अंतर. उपासाला दिवसभर दूध-दही चालू असेल तर लोहाला जागा शोधावी लागते. झोपताना, लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधापासून लांब. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं असेल तर बरं, त्याला जठरातल्या आम्लाची फारशी गरज लागत नाही.

सांगलवाडीच्या काकू

पोरांनो, एवढं भांडताय, धान्यफराळ विसरलात काय ओ? आमच्या सासूबाई नऊ दिवस भाजलेल्या धान्यावर काढायच्या. मूग घ्यायचे, लोखंडी तव्यावर मंद आचेवर खमंग भाजायचे, मग शिजवून मऊ करायचे. जिरं, मीठ, तूप, झालं. कांदा-लसूण नाही. मी कृष्णाकाठच्या सुनेला हेच सांगेन. सासूला म्हणावं, उपास सोडला नाही, फक्त पद्धत बदलली. सासूबाई आमच्या पिढीच्या असतील तर ‘धान्यफराळ’ म्हटल्यावर गप्प बसतील.

मिरजेचा तानपुरा

काकू, तीस ग्रॅम कोरड्या मुगात सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. दोन वेळा खाल्ले तर साबुदाण्यापेक्षा कुठल्या कुठे. सोबत दही. फक्त जेवताना पाणी नको, अर्ध्या तासानं.

हळदबाजार

भाजले म्हणून मूग उपासाचे होतात? आमच्या घरी नाही चालत हे.

सांगलवाडीच्या काकू

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन झालंय का?

हळदबाजार

नाही. बहिणीचं दिवाळीनंतर ठरतंय. तिचे नवरात्राचे नऊ, शिवाय संकष्टी, एकादशी, गुरुवार. म्हणून तर वाचतोय.

मिरजेचा तानपुरा

मग यंदाच्या नऊचं आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. आणि ऑपरेशनच्या आधीच बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) तपासून घ्या. वर्षानुवर्षं उपास धरणाऱ्या शाकाहारी बायकांत हे मुळातच कमी सापडतं. आधी भरून काढलेलं बरं, नंतर दुप्पट जड जातं. तिचं मासिक पाळीचं वय असेल तर लोहाचा डोसही वेगळा असतो, तोही विचारून ठेवा.

कृष्णाकाठची

काकू, सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाल्या, “मूग बाजारातून आणू नको, बोरगावहून मामांकडचे मागव.” रताळ्याचा कीस मात्र करणारच म्हणतात. करू देत, नवरा आहे खायला.