मदत हवी आहे: नेहमीच्या किनाऱ्यावर मासा लागतो, परक्या किनाऱ्यावर गेलो की गळ रिकामा

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं झाली, मी किनाऱ्यावरून गरवतोय, म्हणजे गळाने मासे धरतोय. होडीत बसून कधी गेलो नाही आणि जायची ओढही नाही. पायाखाली वाळू किंवा खडक, समोर खारं पाणी आणि रॉडच्या टोकाकडे लागलेलं लक्ष, यात मला जे सुख मिळतं ते दुसऱ्या कशात मिळत नाही. नेहमीच्या किनाऱ्यावर आता बऱ्यापैकी जमतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कुठे उभं राहायचं, अष्टमीच्या भांगात (भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा) कुठे सरकायचं, कुठल्या खडकामागे पाणी वळसा घेतं, हे पायांनाच ठाऊक झालंय.

अडचण प्रवासात येते. कामामुळे वर्षातून चार-पाच वेळा वेगवेगळ्या समुद्रांकाठी जाणं होतं. हातात मोकळी मिळते ती एखादी संध्याकाळ आणि एखादी पहाट. गेल्या सात प्रवासांत मिळून मला दोन मासे लागलेत, तेही वीतभर, लगेच सोडून दिले. मासा न्यायचाच असा हट्ट नाही. पण पाणी वाचता येत नाही हे मनाला लागतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सामान सांगतो. घरचा रॉड १२ फुटी, दोन तुकड्यांचा. एकेक तुकडा ६ फुटांचा, त्यामुळे प्रवासात नेणं अशक्य. त्यावर ११० ग्रॅमचं शिसं फेकतो आणि पुढे ४० पौंड ताण सोसणारा शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका झेलणारी जाड दोरी लावतो (शिशाच्या दर २८ ग्रॅमला १० पौंड हा हिशोब मी कटाक्षाने पाळतो, फेकताना दोरी तुटून सुटलेलं शिसं माणसाला लागलं तर जीवावर बेतेल). प्रवासासाठी ९ फुटी, चार तुकड्यांचा रॉड घेतला. तो बॅगेत तिरका बसतो, पण झेपतं ते १५ ते ४५ ग्रॅम. सोबत ४००० नंबरचं रीळ आणि ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी). लाट जरा मोठी असली की ४० ग्रॅमचं शिसं वाळूवर ठरत नाही, लोळत लोळत पाच मिनिटांत काठाला येतं.

आता मागच्या प्रवासात काय झालं ते ऐका. माझा खरा प्रश्न त्यातच आहे.

वाळूचा लांब किनारा, एका टोकाला खडक. भरतीचं कोष्टक पाहून बरोबर पूर्ण भरतीला पोचलो. पाणी काठोकाठ. मी छाती भरून श्वास घेतला आणि जमेल तितक्या लांब फेकलं. तीन तास साधी टोचही नाही. माझ्यापासून थोड्या अंतरावर एक वयस्क गृहस्थ छोटा रॉड घेऊन उभे होते. ते पाण्यात उतरलेच नाहीत, ओल्या वाळूवरून जेमतेम पंधरा पावलांवर आमिष टाकत होते. त्यांना दोन चांगले मासे लागले. भाषेची अडचण, त्यामुळे विचारता आलं नाही. त्यांनी हाताने मला नुसतं ‘जवळ, जवळ’ असं खुणावलं आणि मला ते त्या क्षणी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी होती. रॉड खोलीवरच ठेवला आणि नुसता चालत गेलो. पाणी मागे हटलेलं, तळ उघडा पडलेला. काठाला समांतर एक लांब घळ होती, पंधरा-वीस पावलांवर. तिच्यात अजून गुडघाभर पाणी साचलेलं, काठावर फुटक्या शिंपल्यांची रांग आणि खेकड्यांची बिळं. घळीपलीकडे वाळूचा सपाट दांडा, त्यावर काहीच नाही. म्हणजे आदल्या संध्याकाळी मासे घळीत चरत होते आणि मी त्यांच्या डोक्यावरून त्या उजाड दांड्यावर आमिष फेकत होतो! तिथे मी बराच वेळ उभा राहिलो. घळीचे फोटो काढले, खडकापासून पावलं मोजली. आणि दुपारी परत निघायचं होतं.

तेव्हापासून एक नियम केला: नव्या जागी पहिली फेरी ओहोटीला, रॉडशिवाय. पण दर वेळी ते जमत नाही. ज्या किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, तिथे दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. उजेडातली ओहोटी नेमकी माझ्या कामाच्या वेळेत आली की संपलं. अशा वेळी भरल्या पाण्यावरून तळ कसा ओळखता? मला इतकंच कळतं की लाट उथळ जागी फुटते आणि खोल जागी न फुटता तशीच पुढे येते, शिवाय खोल पट्टा गडद दिसतो. जिथे फेस उलटा समुद्राकडे ओढला जातो तिथे पाणी बाहेर जायची वाट असते. त्या वाटेच्या कडेला मासा मिळतो असं ऐकलंय, पण तिथे पाण्यात उतरणं धोक्याचं, म्हणून मी लांबच राहतो. उन्हाची तिरीप असली किंवा ढगाळ असलं की मला यातलं काहीही दिसत नाही. पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्याने खरंच फरक पडतो का?

वेळेबद्दलही विचारायचंय. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एक भाग पाणी चढतं, मग दोन, तीन, तीन, दोन, एक, म्हणजे बारापैकी सहा भाग मधल्या दोन तासांत. घरी मला त्याच दोन तासांत जास्त मासे लागतात. परक्या ठिकाणी एकच संधी असेल तर तुम्हीही मधले तासच धरता, की पूर्ण भरतीच्या आगेमागे थांबता?

खाऱ्या पाण्याच्या मिठाने सामान खराब होतं, त्याबद्दल थोडक्यात. रीळाचा लाइन रोलर (दोरी ज्यावरून सरकते ती छोटी चकती) कुरकुरायला लागलाय. घरी ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती सहज सुटावी ते ठरवणारा रीळाचा ब्रेक) घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडतो, मग ड्रॅग सैल करून वाळवतो. प्रवासात रीळ ओल्या फडक्याने पुसून थेट पिशवीत जातं, तिथेच घात होतो बहुतेक. रॉडचे तुकडेही एकदा असे अडकले की तीन दिवस सुटेनात. शेवटी रॉड गुडघ्यांमागे आडवा धरून, हात गुडघ्यांच्या बाहेर ठेवून, गुडघे बाहेर ढकलले तेव्हा सरळ ओढ बसून सुटले. आता जोडावर मेणबत्ती घासतो. याहून चांगलं काही करता का?

नंतर भर घालतोय, कारण तिघांनी उत्तरात एकच विचारलं, पुढचा प्रवास कुठे: पुढच्या महिन्यात जातोय ते भूमध्य समुद्राकाठी, पाच दिवस. परवाना लागतो का हे ज्या त्या देशाच्या सरकारी पानावर बघूनच जाईन. इंग्लंडमध्ये समुद्रात गळ टाकायला रॉडचा परवाना लागत नाही आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये शुल्क भरावं लागतं, इतका फरक असतो, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. तिकडच्या वाळूत वीव्हर नावाचा विषारी काट्यांचा मासा पुरून बसतो, म्हणून जाड तळाचे बूट आणि माशाच्या तोंडातून आकडा काढायला लांब पक्कड घेतलीय. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा, हे माहीत आहे. ओळख नसलेला मासा हाताने धरणार नाही.

ज्यांनी पाच तुकड्यांचा १२ फुटी रॉड सुचवला त्यांचे आभार. पण त्या घळीनंतर माझं मन हलक्या रॉडकडेच झुकतंय. वाळूवर शिसं ठरत नाही म्हणून वाळूत रुतणाऱ्या तारेच्या पायांचं शिसं लावावं का, आणि माझ्या रॉडला साधारण किती वजनापर्यंत ते चालेल, एवढं कुणी स्वतः वापरून पाहिलं असेल तर सांगा.

आणि मुख्य म्हणजे, भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरहूनही कमीच असतो. माझं सहा वर्षांचं सगळं गणित चढत्या-उतरत्या पाण्यावर उभं आहे. पाणी हलतच नसेल आणि ओहोटीला तळ उघडा पडतच नसेल, तर तुमच्यापैकी तिकडे गरवलेले लोक जागा कशी ठरवतात? वाऱ्याने ज्या बाजूला लाट उठते तिकडे जाता, की आडोशाच्या शांत पाण्यात पहाटेच्या अंधुक उजेडाची वाट बघत बसता?