सल्ला हवा: मारिओ, डेव्ह आणि प्रिन्सवर बसलेल्या हाताला आजचे इंडी प्लॅटफॉर्मर कोणते?

खारीचा_वाटा
नमस्कार मंडळी. इंडी प्लॅटफॉर्मर (छोट्या स्वतंत्र चमूंनी केलेले, उड्या मारत पुढे जायचे गेम) सुचवा. नुसत्या नावांच्या याद्या ढिगाने मिळतात. कोणता गेम कोणत्या जुन्या गेमच्या वळणावर गेलाय आणि नवख्याचा हात नेमका कुठे अडतो, ते हवंय.

लॅपटॉप: विंडोज, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.
आधीचा सराव: टीव्हीला लावायच्या कॅसेटवाल्या गेममधला मारिओ, डेंजरस डेव्ह, १९८९चा प्रिन्स ऑफ पर्शिया.
वेळ: रात्रीचा अर्धा-पाऊण तास.
कंट्रोलर घेतलेला नाही. कीबोर्डवर भागेल का? आणि नऊ वर्षांच्या पुतणीला झेपेल असंही एखादं सांगा.

पिक्सेलपंत
तुमचे तिन्ही गेम तीन वेगळ्या घराण्यांचे आहेत, म्हणून उत्तरही तीन तुकड्यांत.

मारिओची खरी गंमत दोन गोष्टींत: धावताना हळूहळू चढणारा वेग, आणि बटण जितका वेळ दाबाल तितकी उंच उडी. ही गंमत सगळ्यात टोकाला नेली ती सुपर मीट बॉयने (२०१०, एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस). इंग्रजी आद्याक्षरंसुद्धा सुपर मारिओ ब्रदर्सचीच आहेत. फरक असा की लेव्हल चिमुकल्या, मेलात की क्षणात पुन्हा सुरुवातीला, आणि जिवांची मोजदाद फक्त वॉर्प झोन नावाच्या लपलेल्या जादा लेव्हलमध्ये. धावायचं बटण कायम दाबूनच ठेवा, अगदी नेमकी छोटी उडी हवी असेल तेव्हाच सोडा. भिंतीवरून उडताना आधी उडी, मग उलटी दिशा. क्रम चुकला की भिंत सुटते आणि उडीचं बटण हवेत फुकट जातं.

डेव्हचं सुख म्हणजे डोळ्यांसमोर एक पडदा, त्यात एक अडचण, ती सोडवा आणि पुढे जा. त्यासाठी टेरी कॅव्हनाचा २०१०चा व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही (हो, सहा वेळा). यात उडीच नाही. एका बटणाने गुरुत्वाकर्षण उलटतं आणि तुम्ही छताकडे पडता. पाय टेकलेले असतील तेव्हाच उलटवता येतं, हवेत असताना नाही. सगळं डिझाइन या एका अटीवर उभं आहे. दिसायला कमोडोर ६४च्या काळातला, आणि प्रत्येक खोलीला खोडकर नाव. जवळजवळ प्रत्येक खोलीत चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा), त्यामुळे अर्ध्या तासात उठायचं असेल तर सोयीचा. दोन-तीन संध्याकाळींत संपतो. ‘व्हेनी, व्हिडी, व्हिसी’वाला भाग आला की तो सोडून पुढे जा. तिथे फक्त एक चकाकतं बक्षीस आहे, कथेला त्याची गरज नाही.

(डेव्हवरून एक अवांतर: १९९० साली जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल यांनी सुपर मारिओ ब्रदर्स ३ची पहिली लेव्हल पीसीवर उतरवून दाखवली, तेव्हा मारिओच्या जागी उभा केला तो डेव्हच. पुढचा कमांडर कीन आणि इड सॉफ्टवेअर कंपनी त्या एका रात्रीच्या उद्योगातून आली.)

प्रिन्सवाल्यांसाठी डेरेक यूचा स्पेलंकी. प्रिन्समध्ये दोन मजले पडलं की एक प्राण जातो आणि तीन मजले पडलं की खेळ खलास. स्पेलंकीतही उंचावरून पडण्याची किंमत मोजावी लागते, कडेला लोंबकळून मग खाली सुटावं लागतं, आणि पाऊल टाकण्याआधी पुढचा सापळा हेरावा लागतो. फरक एवढाच की गुहा दर वेळी नवी. प्रत्येक पातळी ४ x ४ खोल्यांची जुळणी असते, त्यामुळे पाठांतर चालत नाही. सुरुवात ४ प्राण, ४ बॉम्ब, ४ दोर घेऊन. भिंतीत बाणाचा सापळा दिसला की हातातला दगड किंवा मडकं त्याच्यासमोर टाका, बाण सुटून जाईल. रेंगाळू नका: २०१२च्या एचडी आवृत्तीत अडीच मिनिटांनी भूत येतं आणि त्याला मारता येत नाही. २००८ची मूळ आवृत्ती फुकट आहे, आधी तीच उतरवून बघा.

भिंतीवरची_पाल
पंतांनी सेलेस्ट सोडला की काय! या धाग्याचं पहिलं उत्तर तोच हवा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये पिको-८ या छोट्या आभासी गेमयंत्रावर चार दिवसांत एक छोटा गेम केला, त्यातून २०१८ चा मोठा सेलेस्ट आला. तो छोटा मूळ गेम आजही ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. फक्त तो मोठ्यापेक्षा कमी दयाळू आहे, त्यावरून मोठ्याबद्दल मत बनवू नका.

सेलेस्ट अवघड असूनही अन्याय वाटत नाही, त्यामागे दिसत नसलेल्या सवलती आहेत. खेळाडूच्या हालचालींचा कोड निर्मात्यांनीच खुला केलाय, त्यामुळे आकडे माहीत आहेत:

कडा सुटल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत उडी घेता येते.
उडताना डोकं छताच्या कोपऱ्याला जरासं घासलं, तर गेम तुम्हाला ४ पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वर जाऊ देतो. पात्राच्या धडकेची चौकट ८ x ११ पिक्सेलची आहे, त्या मानाने ही सवलत भरपूर आहे.
उडीचं बटण दाबून ठेवलंत तर सर्वोच्च बिंदूपाशी गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणजे हवेत दिशा ठरवायला उसंत मिळते. उडी घेऊन लगेच बटण सोडणारे ही उसंत गमावतात.

नवखे सगळ्यात जास्त अडतात ते भिंतीवर. दमसास ११० एककांचा असतो. नुसतं धरून राहिलात तर सेकंदाला १० जातात, वर चढताना सुमारे ४५. म्हणजे लटकून ११ सेकंद, पण चढत राहिलात तर अडीच सेकंदही नाहीत. भिंत धरून सरळ वर उडी मारली की एका फटक्यात २७.५ जातात, चार उड्यांत खेळ आटोपला. भिंतीपासून लांब मारलेल्या उडीला मात्र काहीच खर्च नाही. म्हणून समोरासमोर दोन भिंती दिसल्या की चढू नका, इकडून तिकडे उड्या मारत वर जा. पात्र लुकलुकायला लागलं म्हणजे दम संपत आलाय.

झेप (डॅश) आहे की नाही ते केसांवरून कळतं: लाल म्हणजे आहे, निळे म्हणजे वापरली. जमिनीला पाय लागला की परत मिळते.

पुतणीसाठी: सेव्ह निवडायच्या पडद्यावरच असिस्ट मोड चालू करा, मग तो खेळताना पॉजच्या मेनूत दिसतो. वेग ५० टक्क्यांपर्यंत खाली येतो, दमसास अमर्याद करता येतो, हवं तर मरणच बंद. तिच्यासाठी आधी फक्त वेग ७०-८०वर आणा. मरण बंद केलं की काट्यांना अर्थच उरत नाही, मग दहा मिनिटांत कंटाळतात पोरं.

कडेलोट
सेलेस्ट उत्तमच, पण कॅसेटवाल्या माणसाला पहिला गेम म्हणून मी शव्हल नाइट (२०१४) देईन. सेलेस्टमध्ये आठ दिशांची झेप आणि भिंत धरणं पहिल्या तासातच अंगावर येतं. इथे चालणं, उडी आणि फावडं, बस्स. नकाशा मारिओ ३च्या धाटणीचा, आठ सरदार मेगा मॅनच्या पठडीतले, आणि फावड्यावर टुणटुण उडणं १९८९च्या डकटेल्समधल्या अंकल स्क्रूजच्या काठीवरून. मेल्यावर काही सोनं पिशव्यांत भरून तिथेच तरंगत राहतं आणि परत जाऊन उचलावं लागतं. ही कल्पना डार्क सोल्स या गेमची.

पैशांचं गणित: चेकपॉइंट फोडला तर रत्नं मिळतात, पण तो चेकपॉइंट गेला. पहिल्या फेरीत फोडू नका. लेव्हलमध्ये निळ्या पेटीत बसलेला चेस्टर जादूची वस्तू विकतो, ती तिथेच घ्या, गावात नंतर महाग पडते. दोन वस्तू चुकवू नका: फेज लॉकेट (क्षणभर काटेसुद्धा लागत नाहीत, खड्डा मात्र गिळतोच) आणि हवेत आडवी झेप देणारा प्रोपेलर डॅगर.

खालची_उडी
कडेलोट, टुणटुणीची वंशावळ डकटेल्सच्याही मागे जाते. खाली तलवार रोखून शत्रूवर आदळायचं, ते १९८७च्या झेल्डा २ मध्ये होतं, आणि शव्हल नाइटवाल्यांनी त्या गेमचंही ऋण मान्य केलंय. तीच चाल पुढे हॉलो नाइटमध्ये (२०१७, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची टीम चेरी). तिथे काट्यांवरही खालचा वार केला की वर उसळता येतं, पण हे गेम सांगत नाही.

मात्र तुमच्या अर्ध्या तासात हॉलो नाइट बसवणं कठीण. तो प्लॅटफॉर्मर कमी आणि रस्ता चुकण्याचा गेम जास्त. घेतलाच तर नकाशेवाला कॉर्निफर भेटला की त्या भागाचा नकाशा विकत घ्या, मग गावातल्या दुकानातून लेखणी (१२० जिओ, म्हणजे गेममधलं चलन) आणि कंपासचा ताईत (२२० जिओ). लेखणी नसेल तर पायाखालून गेलेला नवा भाग नकाशावर चढतच नाही, आणि ती असली तरी बाकावर बसल्यावरच चढतो. अर्धे लोक इथेच वैतागून सोडतात. प्राण भरायला ३३ ‘आत्मा’ (शत्रूला मारून साठणारी शक्ती) लागतो आणि एका वाराला ११ मिळतो, म्हणजे तीन वार = एक प्राण. हे डोक्यात बसलं की मोठ्या लढाया निम्म्याने सोप्या.

पिक्सेलपंत
पालबाई, सेलेस्ट सोडला नव्हता, तुमच्यासाठी ठेवला होता :)
कडेलोटांशी सहमत, क्रम शव्हल नाइट → सेलेस्ट असा ठेवा. मीट बॉय तिसरा.

खारीचा_वाटा
सगळ्यांचे आभार, हवं होतं तसंच मिळालं. कीबोर्डचं काय मग? आणि प्रिन्ससारखं संथ, सापळ्यांचं, पण स्पेलंकीइतकं निष्ठुर नसलेलं काही?

अर्धा_सेकंद
कीबोर्डवर भागतं, पण आधी तपासा. साध्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर काही ठरावीक तीन-चार कळा एकदम दाबल्या की एक नोंदवलीच जात नाही. नोटपॅडवर हे कळणार नाही, गेममध्येच बघा. सेलेस्टमध्ये बाण, सी उडी, एक्स झेप, झेड पकड. झेड धरून वर + उजवा बाण दाबा आणि मग एक्स. तिरकी झेप दर वेळी निघाली तर कीबोर्ड ठीक. नाही निघाली तर सेटिंगमध्ये पकड शिफ्टवर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

शिफ्ट वापरणार असाल तर विंडोजची स्टिकी कीज बंद करा. शिफ्ट पाच वेळा दाबली की ती खिडकी नेमकी उडीच्या मध्यावर टपकते. पिझ्झा टॉवरमध्ये (२०२३, वॉरिओ लँड ४चा सरळ वारस, धावणं शिफ्टवर) हे हमखास होतं.

कंट्रोलर घेणार असाल तर आधी डी-पॅड (चार दिशांचं अधिकच्या चिन्हासारखं बटण) पाहा, बाकी सगळं नंतर. स्वस्त पॅडचा डी-पॅड वर दाबला की तिरका लागतो. सेलेस्टच्या पहिल्या प्रकरणात सरळ वर वीस झेपा घ्या. दोन-तीन जरी तिरक्या गेल्या तरी पॅड परत करा. वायरचा घ्या, ब्लूटूथने विलंब वाढतो. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची, आणि पालबाईंनी सांगितलेली ती ०.१ सेकंदाची सवलत म्हणजे जेमतेम सहा फ्रेम. टीव्हीला जोडणार असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर ती सवलत टीव्हीच खाऊन टाकतो.

खरेदीचं: स्टीम या ऑनलाइन गेमदुकानात १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. लॅपटॉपवर अडखळतो की नाही ते पहिल्याच बैठकीत पाहा.

भिंतीवरची_पाल
प्रिन्ससारखा संथ हवा तर लिंबो (२०१०). चार तासांचा असेल, चेकपॉइंट जवळजवळ, बटणं दोनच: उडी आणि पकड. सापळे मात्र आधी मारून मग शिकवतात. पुतणी शेजारी असताना नको, लहान मुलाचे मरणाचे प्रकार भयानक आहेत.

कडेलोट
प्रिन्सचं नाव निघालंय तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी (२०२०) सांगायला हवा. भिंतीवरून धावणं, खांबावर चढणं थेट त्याच परंपरेतलं, चित्रं सुंदर. पण लढाईचा भाग मोठा आहे. कॅमेरा तुमच्या हातात नसतो, त्यामुळे पुढच्या कठड्याचं अंतर चुकतं, तेव्हा उडीआधी पात्राची सावली बघा. त्रिमितीय असल्यामुळे बिनकार्डाच्या लॅपटॉपवर रिझोल्यूशन खाली आणावं लागेल.

खारीचा_वाटा
शव्हल नाइट घेतोय, मधल्या वेळात फुकटवाला स्पेलंकी. पुतणीला यातला कोणता आधी देऊ?

अर्धा_सेकंद
व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही. एकच कृतीचं बटण, वाचायला फारसं नाही, आणि सेटिंगमध्ये वेग कमी करायची सोय त्यातही आहे. तिला डावे-उजवे बाण द्या आणि उलटवायचं बटण तुम्ही घ्या, दोघांनी मिळून खेळता येतो.