ब्रॉडबँडवरील शाखेच्या आयपीसेक टनेलसाठी एमटीयू किती ठेवावा?

प्रश्न

नमस्कार. आमचे मुख्य कार्यालय पुण्यात असून चार शाखा लीज्ड लाइनने जोडलेल्या आहेत. जीआरई टनेल (पॅकेटे दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणारी वाट) आणि त्यावर टनेल मोडमधील आयपीसेक (पॅकेटांचे कूटबद्धीकरण; एईएस-सीबीसी, शा-२५६) अशी रचना आहे. टनेलचा आयपी एमटीयू (एका पॅकेटाचा कमाल आकार) १४०० आणि टीसीपी एमएसएस (हेडर वगळून त्यातील डेटाचा कमाल आकार) १३६० ठेवला आहे व या शाखांतून कधी तक्रार आलेली नाही. आता कराडची शाखा स्थिर पब्लिक आयपी असलेल्या फायबर ब्रॉडबँडवर, म्हणजे पीपीपीओई या जोडणीच्या पद्धतीवर, याच कॉन्फिगरेशनने सुरू केली आहे. तेथून लॉगिन होते, पिंग जाते, पुण्याच्या सर्व्हरवर मोठी फाइलही चढते. परंतु पुण्याहून फाइल उतरवायला घेतली की ती लगेच अडकते आणि शेवटी कनेक्शन तुटते. डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नयेत ही खूण) बाहेरच्या हेडरवर जसाच्या तसा घेण्याचे सेटिंग दोन्ही टोकांना चालू आहे. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डांवरच एमटीयू कमी करावा का?

उत्तर १

सर्व्हरना हात लावू नका. दोष १४०० या आकड्यात आहे, आणि तो नेमका दोन बाइटांचा आहे.

हिशेब असा. १४०० बाइटांच्या पॅकेटवर जीआरईचे २४ बाइट चढतात, म्हणजे १४२४. ईएसपीच्या (आयपीसेकच्या कूटबद्ध वेष्टनाच्या) शेपटीचे २ बाइट धरून १४२६ होतात. एईएस-सीबीसी १६ बाइटांच्या ठोकळ्यांतच काम करत असल्याने पॅडिंग घालून ते १४४० केले जातात. त्यावर आयव्हीचे (कूटबद्धीकरणाच्या आरंभीच्या मूल्याचे) १६, ईएसपी हेडरचे ८, शा-२५६ च्या तपासणी मूल्याचे १६ आणि बाहेरच्या आयपी हेडरचे २० मिळवले की बरोबर १५०० भरतात. लीज्ड लाइनवर हे काठोकाठ बसते, म्हणून चार शाखा सुरळीत चालल्या. पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट घेते आणि १४९२ च उरतात. आतील पॅकेट १३९८ चे केले तर एक ठोकळा वाचतो आणि बाहेरचे पॅकेट १४८४ वर येते.

पुण्यातील विंडोज मशीनवरून डीएफ बिट लावून कराडला पिंग करून पाहा. पिंगच्या आकड्यात २८ बाइटांचे हेडर धरलेले नसते. त्यामुळे १३७० जाईल, १३७१ व १३७२ ला नुसता टाइमआउट येईल आणि १३७३ ला मात्र तुमचाच राउटर तुकडे करावे लागतील असे तत्काळ कळवेल.

उत्तर २

वरील हिशेब योग्य आहे. तरीही एकाच दिशेने का अडते, हे समजून घेणे आवश्यक वाटते. कराडच्या राउटरला स्वतःच्या लाइनचा १४९२ ठाऊक असल्याने तो आधीच सांभाळून घेतो. पुण्याचा राउटर १५०० चे पॅकेट सोडतो, ते सेवा पुरवठादाराच्या टोकाला अडते आणि तेथून ‘तुकडे करणे आवश्यक’ असा आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कमधील अडचण कळवणारा, संदेश (प्रकार ३, कोड ४) पुण्याकडे परत येतो. १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजातील पाथ एमटीयू शोधाची (संपूर्ण वाटेत चालेल असा एमटीयू हुडकण्याची) सारी भिस्त याच संदेशावर आहे. तुमच्या राउटरपुढील फायरवॉलवर सरसकट सर्व आयसीएमपी बंद असावा, असा माझा दाट संशय आहे. सुरक्षेच्या नावाखाली ही सवय आपल्याकडे फार रुजली आहे आणि ती सोडायलाच हवी. निदान हा एक संदेश आत येऊ द्या. एमएसएस कमी केल्याने केवळ टीसीपी सुधारते, यूडीपीला त्याचा काही उपयोग नसतो.

प्रश्नकर्ता

चाचणीत १३७० गेले, १३७१ अडकले. फायरवॉलवरही आयसीएमपी पूर्ण बंदच आढळला. तो नियम बदलण्यासाठी अर्ज दिला आहे. तोवर केवळ कराडचा टनेल १३८० आणि एमएसएस १३४० करावा म्हणतो. टनेलवर ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) चालते, त्याला बाधा येईल का?

उत्तर १

१३८० योग्य आहे. पुढे वाटेत नॅट (आयपी पत्ता बदलणारा टप्पा) आला आणि यूडीपीचे ८ बाइट वाढले, तरी ते पुरेल. मात्र आयपी एमटीयू दोन्ही टोकांना एकाच वेळी बदला. दोन बाजूंचे आकडे जुळले नाहीत तर ओएसपीएफची शेजारजोडणी एक्सस्टार्ट अवस्थेतच अडकून राहते, आणि तेव्हा कराडला पोहोचण्याचा मार्गही त्याच टनेलमधून असेल तर तुम्ही बाहेर अडकाल. म्हणून आधी कराडच्या राउटरवर त्याच्या पब्लिक आयपीवरून एसएसएचने प्रवेश मिळतो ना, याची खात्री करा; मग दूरचे टोक प्रथम आणि पुण्याचे नंतर बदला. जीआरई तसाही आहेच, त्यामुळे पुढेमागे आयपीसेक ट्रान्सपोर्ट मोडवर (यात तो आणखी एक आयपी हेडर जोडत नाही) नेता आला तर २० बाइट वाचतील आणि कराडलाही १४०० चालेल.