मदत हवी आहे: डायलिसिसचे चार तास आणि चांगल्या गोष्टींची वही

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेजवळ राहते, वय ५४. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास डायलिसिस. औषधपाणी, पथ्य डॉक्टर बघताहेत; त्याबद्दल सल्ला नको.

लेकीने वही दिली, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिही म्हणाली. पंधरा दिवस लिहिल्या. मग डायलिसिसच्या रात्री इतकी गळून जायचे की 'पोळी मऊ होती' हेच तीनदा लिहिलं. गृहपाठच झाला तो! नामस्मरणही करून पाहिलं, पण मशीनचा अलार्म वाजला की लक्ष उडतं. 'सकारात्मक राहा' म्हणणाऱ्यांचा तर आता रागच येतो.

मात्र पाणी मोजून प्यावं लागतं ना, तेव्हा तोंडात बर्फाचा एक खडा विरघळताना खरंच, आतून बरं वाटतं. तसं काहीतरी हवंय, ओढूनताणून आणलेलं नको.

अडचण अशी: उजव्या हाताच्या शिरा बारीक, म्हणून फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) डाव्या हातात, आणि मी डावखुरी. म्हणजे त्या चार तासांत लिहिणं, विणणं बंद. फोनवर बोलून ठेवायला शेजारच्या खाटांचा संकोच वाटतो.

अशा लांब आजारात, न लिहिता, मनातल्या मनात ही सवय कुणी टिकवली आहे का, कशी? आणि अगदी वाईट दिवशी ती सरळ सोडून देता का?