‘मला घरी सोडा’: तुमच्याकडे तिन्हीसांजेला काय करतात?

आई ८१ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. सकाळी बरी असते. मेथी निवडते, पेपर वाचते (एकच मथळा चारदा, पण वाचते). साडेपाच वाजले की पिशवी काढते, तीत एक लुगडं, फणी आणि देवघरातला गणपती भरते आणि दारात उभी राहते. “मला घरी सोडा. दिवेलागणीला परक्याच्या दारात थांबू नये.”

हे घर तिचंच आहे, १९८४ पासून. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. उजेड कमी झाला की गोंधळ वाढतो. मी आधी वाद घालायचे. एकदा लाईटबिलावरचं तिचं नाव दाखवलं. तिनं नीट वाचलं आणि म्हणाली, “या बाईंना माझा नमस्कार सांगा.” तेव्हापासून बिल दाखवणं बंद.

धीर धरा वगैरे नको, ते नातेवाईक सांगतातच. तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते लिहा.

*

कराडहून लिहितेय. सासरे एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडं घरी जायचं नसतं, ड्यूटीवर जायचं असतं, तेही रात्री दहाला. दाराला कडी घातली की ते कडीच उपसायला लागायचे. सुट्टी आहे, रिटायर झालात, गाडी पंक्चर आहे, सगळं सांगून झालं. पंक्चरवर तर म्हणाले, “मग मेकॅनिकला फोन लाव की!”

शेवटी आमच्या ह्यांना सुचलं. “अण्णा, आज मुक्कामी गाडी आहे. इथंच झोपायचं, पहाटे पाचची फेरी.” अण्णा थांबले. मुक्कामी गाडीचा कंडक्टर परगावी झोपतो, त्यात काही वावगं नाही ना! “कॅश कुठं ठेवू?” म्हणाले. मी स्टीलचा डबा दिला. त्यात सुटे पैसे मोजून टाकले, डबा उशाशी घेतला आणि झोपले. आता रोज तोच डबा, रोज त्रेचाळीस रुपये. एकदा पोरानं त्यातले दोन रुपये काढले तर हिशेब लागेना, रात्रभर जागे. तेवढं सांभाळावं लागतं.

*

नागपूर. एक महत्त्वाचं. आजीचं एका रात्रीत बिघडलं. भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मला हाकलून दिलं. घरचे म्हणाले, आजार वाढला, आता असंच चालायचं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला लावली. इन्फेक्शन निघालं. औषधानं आठवडाभरात आजी पुन्हा पहिल्यासारखी विसरभोळी झाली. दोन-तीन दिवसांत एकदम फरक पडला तर ‘वय झालं’ म्हणून बसू नका. लघवी, सोडियम, नवं सुरू केलेलं औषध, पडून डोक्याला मार, सगळं बघा. सुरुवातीलाच बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्या.

*

पाहुण्यांचं कुणीतरी लिहायलाच हवं. येणारा प्रत्येक जण बाबांसमोर बसतो आणि विचारतो, “ओळखा पाहू मी कोण?” जणू तोंडी परीक्षा! बाबा आधी हसून वेळ मारून नेतात, मग त्यांचा हात थरथरायला लागतो. माझा परदेशातला भाऊ तर व्हिडिओ कॉलवर पाढे विचारायचा. आता दारातच सांगते: आधी आपलं नाव, गाव आणि नातं सांगायचं, मग बसायचं. एक आत्या रुसली. रुसू दे.

*

ठाणे. थोडं कोरडं, पण कामाचं. आईचं मुखत्यारपत्र माझ्या नावावर होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. करार कायद्याच्या (१८७२) कलम २०१ नुसार देणाऱ्याची समज गेली की ते संपतं, हे मला वकिलाकडे गेल्यावर कळलं. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्ट. सही करणाऱ्याला कळतंय तोवरच जॉइंट खातं, नॉमिनी आणि मृत्युपत्र उरकून घ्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही काम होतं. आमच्या शाखेत हे कुणी सांगितलं नाही. आईला खुर्चीसकट जिना चढवून नेलं होतं.

*

मी खोटं बोलत नाही. मला ते जमत नाही. सासूबाई त्यांच्या आईला शोधतात. मी म्हणते, “त्या थालीपीठ कसं करायच्या?” मग अर्धा तास थालीपीठ. कधीकधी थालीपीठही चालत नाही. मग दोघी गप्प बसतो.

*

नाव न देता लिहितो. मी वडिलांवर हात उचललाय. एकदाच. रात्री तिसऱ्यांदा चादर बदलत होतो. सकाळी त्यांना आठवत नव्हतं, त्यांनी माझ्यासाठी चहात बुडवून अर्धं बिस्किट ठेवलं होतं. त्यानंतर बहिणीला सगळं सांगितलं. ती आता महिन्यातले आठ दिवस त्यांना नेते. ते आधीच मागायला हवं होतं, मीच ‘माझं मी बघतो’ म्हणत होतो.

*

वरच्यांसाठी: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फक्त पेशंटसाठी नाही, आपल्यासाठीही आहे. फुकट, चोवीस तास. मी रात्री दीडला लावला होता. मराठीत बोलले.

*

धागा काढणारी मीच. कराडच्या ताईंचा मुक्काम काल वापरला. पाच वाजताच सगळे दिवे लावले, पडदे ओढले आणि म्हटलं, “शेवटची एसटी गेली, आजची रात्र राहा.” आई जरा घुटमळली. “राहते, पण फुकट नाही राहायची.” पोळपाट मागितला. तीन पोळ्या लाटल्या, चौथीला मध्येच थांबली. मग जेवली, पिशवी उशाशी घेऊन झोपली.

गणपती अजून पिशवीतच आहे. सकाळी ती उठायच्या आत काढून देवघरात ठेवावा लागतो.